कार्तिकात उचललेली परिक्रमा : ओंकारेश्वर ते समुद्र

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो आणि नर्मदेच्या दोन्ही काठांवरची वाट पुन्हा चालती होते. पावसाळाभर जिथे अडकले तिथेच थांबलेले परिक्रमावासी उठतात आणि नवे ओंकारेश्वरला येऊन पोचतात. त्यात मराठी माणसं इतकी, की घाटावरचे पुरोहित आणि नावाडी कामापुरतं मराठी सहज बोलतात. इथे लिहितोय ते पायी परिक्रमेच्या पहिल्या टप्प्याबद्दल, म्हणजे ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेला समुद्रापर्यंत. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, आणि दोन्ही तटांची वळणं-वळसे धरून पायी चाल तीन हजारांच्या आसपास जाते. हा टप्पा त्यातला जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. पण परिक्रमा अर्धवट टाकून घरी परतणारे पाहिले, ते बहुतेक याच टप्प्यात. कारणं बघायला गेलं तर अगदी साधी असतात: पाय, पोट, पाठीवरचं ओझं आणि चुकीच्या बाजूचं हॉस्पिटल.

एकादशी ते त्रिपुरी पौर्णिमा या पाच दिवसांत ओंकारेश्वरला पाऊल ठेवायला जागा नसते. मुहूर्ताचा फार आग्रह नसेल तर परिक्रमा पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी उचलावी, म्हणजे सुरू करावी. पुढच्या आश्रमांमधली गर्दीही तोवर पांगते. नाहीतर पहिले आठ दिवस दीडशे माणसांच्या लोंढ्याबरोबर चालावं लागतं आणि संध्याकाळी ओसरीत कूस बदलायला जागा मिळत नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी रेल्वेने खांडव्याला उतरून तिथून बस धरावी, अंतर सुमारे सत्तर किलोमीटर.

एक गोष्ट कितीतरी जण विसरतात. ज्योतिर्लिंगाचं दर्शन संकल्पाच्या आधी घ्यायचं. ते मांधाता बेटावर आहे. संकल्प झाला की पूल ओलांडून तिथे जाणं म्हणजे नर्मदेचं पात्र ओलांडणं, आणि परिक्रमेत ते चालत नाही. आदल्या दिवशी ओंकारेश्वर आणि ममलेश्वर दोन्ही उरकावीत आणि दक्षिण तटावर मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी गोमुख घाटावर स्नान, पुरुषांचं मुंडण, पूजा, कुमारिकांना जेवण किंवा शिधा, आणि छोट्या बाटलीत मैयाचं, म्हणजे नर्मदेचं, जल. ही बाटली शेवटपर्यंत बरोबर राहते, तिची सकाळ-संध्याकाळ पूजा होते. तांब्याची नक्षीदार लुटिया दिसायला छान, पण झाकणातून हमखास गळते आणि आठवड्यात पिशवीतले कपडे ओले करते. आटे असलेल्या झाकणाची १०० मिलीलिटरची बाटली पुरे. ती कापडी बटव्यात घालून वेगळी ठेवावी, कारण जमिनीवर ठेवायची नसते आणि दर थांब्याला पिशवी उपसत बसणं कोणालाच जमत नाही.

कागदपत्रांत आधारकार्ड, त्याच्या चार-पाच झेरॉक्स, दोन फोटो आणि परिक्रमावासी असल्याचं ओळखपत्र. शिवाय एक छोटी वही: मुक्कामाच्या आश्रमाचा किंवा ग्रामपंचायतीचा शिक्का तीत घ्यायचा. काहींना हा शिक्क्यांचा छंद जडतो आणि मुक्कामाला पोचल्या पोचल्या पाण्याआधी शिक्का मागतात. तसं करू नये. यजमानाला ते आवडत नाही, आणि का आवडावं?

पाठीवर पाणी धरून सात किलोच्या वर वजन नको. घरी काट्यावर तोलून बघावं, अंदाजावर जाऊ नये. अंगावरचा आणि धुतलेला असे दोन जोड, एक स्वेटर, कानटोपी, पातळ फोमची चटई, हलकी स्लीपिंग बॅग, ताटली, पेला, विजेरी, पॉवर बँक, दोरी, काठी. ब्लँकेट जवळपास सगळीकडे मिळतं, पण ते शंभर जणांनी पांघरलेलं असतं आणि त्यातून खरूज घेऊन चाललेले लोक दर हिवाळ्यात भेटतात. म्हणून एक सुती चादर दुमडून दोन बाजूंनी शिवून घ्यावी, आत आपण आणि वरून त्यांचं ब्लँकेट. औषधांत ओआरएस, पट्ट्या, चिकटपट्टी, व्हॅसलीन, जंतुनाशक मलम आणि स्वतःची रोजची गोळी असेल तर ती किमान महिन्याची. पोथ्या एकीच्या वर नकोत. श्रद्धेचं ओझं होत नाही असं म्हणतात, पुस्तकांचं होतं.

आता पाय. परिक्रमेत केस आणि नखं कापायची नाहीत असा दंडक आहे, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त त्रास देणारा नियम हाच. हाताच्या नखांनी काही बिघडत नाही. पायाचं नख मात्र तीन आठवड्यांत इतकं वाढतं की उतारावर बुटाच्या टोकावर आपटत राहतं, खाली रक्त साकळतं, नख काळं पडतं आणि मग सुटतं. शूलपाणीच्या झाडीतले, म्हणजे बडवानीपुढच्या सातपुड्यातले, सगळे उतार नेमके याच सुमाराला येतात. उपाय दोन. एक, संकल्पाच्या आदल्या दिवशी पायाची नखं सरळ रेषेत, जितकी आखूड कापता येतील तितकी कापावीत; कोपरे गोल करू नयेत, नाहीतर नख मांसात घुसतं. दोन, बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्यावेत आणि घरी महिनाभर चालून पायाला रुळलेले असावेत. एवढं करूनही नख टोचायला लागलं तर एखाद्या जुन्या साधूला विचारावं. बहुतेक जण सांगतात, कापून टाक आणि मैयाची क्षमा माग. अडून बसणारे बाहेरगावचे हौशी लोक असतात, काठावरचे नव्हेत.

फोड येतात ते चालण्याने कमी आणि ओल्या मोज्याने जास्त. सकाळी दवाने भिजलेल्या हरभऱ्याच्या बांधावरून किलोमीटरभर गेलं की मोजे चिंब होतात; त्यात ऊन चढलं की पाय फुगतो आणि टाच घासते. आठच्या सुमाराला पहिल्या चहाच्या थांब्यावर बूट काढायचे, पाय पुसायचे, कोरडे मोजे चढवायचे आणि ओले पिशवीला टाचणीने लटकवायचे. टाच गरम वाटली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. ‘पुढच्या गावात बघू’ म्हटलं की फोड आलाच. आलेला फोड फोडायचाच असेल तर सुई तापवून कडेला एक छिद्र, पाणी दाबून काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची. फोडातून दोरा ओवून ठेवण्याचा सल्ला वाटेत बरेच देतात. ऐकू नये, त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते.

दिवसाचं वेळापत्रक थंडी ठरवते. निमाडात, म्हणजे ओंकारेश्वर-खरगोनच्या या पट्ट्यात, कार्तिक-मार्गशीर्षात पहाटे बारा-चौदा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास, म्हणजे सकाळी कानटोपी आणि बाराला उपरणं ओलं करून डोक्यावर. पहाटे साडेचार-पाचला उठणं, स्नान, पूजा, साडेसहाला निघणं. धुकं असेल तर सातला. धुक्यात काठाची वाट पकडू नये, कारण नदीने कापलेल्या दरडी कडेपर्यंत दिसत नाहीत. दहा-अकराच्या दरम्यान कुठेतरी ‘महाराज, भोजनप्रसादी पाके जाओ’ अशी हाक येते. टिक्कड म्हणजे जाड रोटी, तुरीची डाळ, वर मिरचीचा ठेचा. निमाडी तिखट आपल्या खानदेशी माणसालाही जाणवतं; पहिले चार दिवस ताक मागून घ्यावं. दुपारनंतर पुन्हा दोन तास चाल, आणि चार-साडेचारला आसन, म्हणजे मुक्काम. सूर्य पावणेसहाच्या आसपास बुडतो. अंधारात दारात उभ्या राहिलेल्या माणसाला जागा देताना कोणीही दोनदा विचार करतो. पहिला आठवडा दिवसाला दहा-बारा किलोमीटर, मग पंधरा-अठरा. पहिल्याच दिवशी पंचवीस मारणारा चौथ्या दिवशी गुडघा धरून बसतो.

मुक्कामाचे रिवाज लिहिलेले कुठेच नाहीत, पण पाळले जातात. ‘नर्मदे हर’ म्हणायचं, विचारतील तिथेच आसन लावायचं, एका जागी एकच रात्र, आजारपण सोडून. बाईमाणसाला सगळे ‘माताराम’ म्हणतात आणि आतल्या खोलीची सोय बहुतेक आपणहून करतात. काही ठिकाणी शिजवलेलं न देता सदाव्रत देतात, म्हणजे कणीक, डाळ, तांदूळ, मीठ, तेल असा कच्चा शिधा. तो त्या दिवसापुरताच घ्यायचा, उद्यासाठी बांधून न्यायचा नाही. आंघोळीला गरम पाणी मिळेल का, हा प्रश्न मराठी मंडळींकडून फार येतो. ज्या घरात सरपण डोक्यावरून आणतात तिथे विचारू नये. दुपारी पोचल्यावर ऊन असताना अंघोळ उरकावी, पहाटे हातपाय-तोंड पुरे. नदीत साबण लावायचा नाही; बादलीत पाणी घेऊन काठापासून दूर जावं.

घाटावरचा धोका वेगळाच आहे. वरच्या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटतं तेव्हा पातळी बघता बघता चढते. ओंकारेश्वरला भोंगा वाजतो. खाली लहान गावात तो ऐकू येईलच असं नाही. एप्रिल २००५ मध्ये धाराजीच्या घाटावर असंच अचानक पाणी वाढून कितीतरी यात्रेकरू वाहून गेले. म्हणून कपडे आणि पिशवी पाण्यालगतच्या पायरीवर ठेवू नये, आणि ओल्या-हिरव्या पायऱ्यांच्या खाली उतरू नये. ती हिरवी रेघ पाणी कुठवर चढतं ते सांगते.

मोरटक्क्यापासून पुढे खरगोन जिल्ह्यात शिरलं की मोसम मिरचीचा असतो. खळ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली, आणि वारा आपल्याकडे असेल तर तोंडावर ओला रुमाल बांधल्याशिवाय ठसका थांबत नाही. याच पट्ट्यात रावेरखेडी. २८ एप्रिल १७४० ला थोरल्या बाजीरावांनी इथे देह ठेवला. समाधी नदीकाठी आहे. मराठी माणूस इथे तासभर बसतोच, तेव्हा त्या दिवशीचा मुक्काम जवळच धरावा.

या भागात वाट चुकते ती उपनद्यांच्या तोंडाशी. काठाकाठाने जाताना एखादी नदी, उदाहरणार्थ वेदा, येऊन मिळते. समोरची पायवाट पन्नास पावलांवर दिसते, पण मधला गाळ पावसाळ्यानंतर अजून आळलेला नसतो. वरून सुकल्यासारखा, पाय टाकला की मांडीपर्यंत. काठी टेकवून बघावी. हातभर आत गेली की मागे फिरून पुलाकडे वर जावं, दोन-चार किलोमीटर वाढले तरी. उपनदी ओलांडायला हरकत नाही, ओलांडायची नाही ती फक्त नर्मदा.

आणि इथेच मोबाईल घात करतो. नकाशात मुक्कामाचं गाव टाकलं की तो जवळचा रस्ता म्हणून सरळ नर्मदेवरच्या पुलावरून नेतो, कारण त्याला परिक्रमा कळत नाही. खलघाटचा महामार्गाचा पूल हा त्यातला नेहमीचा सापळा. एकच खूण धरायची, मैया उजव्या हाताला. पश्चिमेकडे चालतोय तोवर सकाळचं ऊन पाठीवर हवं. सकाळी ऊन तोंडावर आलं की कुठेतरी वळण चुकलंय.

हॉस्पिटलची गोष्ट निघण्याआधीच मनाशी पक्की करावी. दक्षिण तटावर सनावद, खरगोन, बडवानी, पुढे राजपीपला, अंकलेश्वर. खांडवाही याच बाजूला. बडवाह, धार, कुक्षी आणि मुख्य म्हणजे इंदूर पलीकडे. ताप आला म्हणून कोणीतरी प्रेमाने जीपमध्ये घालून इंदूरला नेतं आणि दोन दिवसांनी बरं वाटल्यावर माणूस परिक्रमा खंडित झाली म्हणून रडत बसतो. जिवावरचं असेल तर जवळचं हॉस्पिटल गाठावं, तट बघू नये. तेवढं नसेल तर सांगावं, ‘इसी तट पे ले चलो’; काठावरच्या माणसाला जास्त समजावून सांगावं लागत नाही. वाहनाने गेलात तर बरं झाल्यावर जिथून उचललं होतं तिथेच परत येऊन पाऊल टाकायचं, ही सर्वमान्य रीत.

बडवानीच्या पुढे राजघाटपासून जुना काठच उरलेला नाही. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर झाल्यापासून काठची गावं, मंदिरं, पायवाटा पाण्याखाली आहेत, म्हणून वाट सातपुड्यात वर चढते. हीच शूलपाणीची झाडी. पूर्वी इथे भिल्ल ‘मामा’ लोक परिक्रमावासीयांचं सगळं काढून घेत, लंगोटीवर पाठवत, त्याच्या कथा अजून रंगवून सांगतात. आज त्याच पाड्यांवर तुम्हाला मक्याची भाकरी आणि चहा मिळतो, तोही ज्यांच्या घरात चार दिवसांचं पीठ नसतं त्यांच्याकडून. इथे खिशात गोळ्या-बिस्किटं वाटायला घेऊन जाणारे खूप. मुलं मग प्रत्येक परिक्रमावासीयामागे हात पसरून धावतात. शाळेत वह्या-पेन्सिली द्याव्यात, गुरुजींच्या हातात.

पाटी, बोकराटा ओलांडून वाट महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यात येते: खापरमाळ, बिलगाव, धडगाव, मोलगी. मराठी ऐकू येईल या आशेने आलेल्यांची इथे थोडी फजिती होते. घरात पावरी आणि भिलोरी चालते, मराठी शाळेत आणि बाजारात. थंडीही इथे खरी लागते. डाब, वालंबा परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या याच डोंगरांतल्या. मातीच्या घरात शेकोटीजवळ झोपायला मिळालं तर धूर खाली बसतो हे ध्यानात ठेवून पाय शेकोटीकडे आणि डोकं दाराकडे करावं. चढ-उतार सलग आहेत, हातपंप दूरदूर, म्हणून इथे दोन लिटर पाणी बरोबर हवं. नेटवर्क दिवसेंदिवस नसतं. घरच्यांना बडवानीतच सांगून ठेवावं की आठवडाभर फोन लागणार नाही, नाहीतर ते इकडे पोलिसांत जातात. उतारावर काठी पुढे टेकवून, पाऊल आडवं टाकत, लहान पावलांनी. नखांचं वर सांगितलंय ते इथे आठवेल.

आणि नदी दिसत नाही. चार-पाच दिवस नुसते डोंगर. ‘मैया वाट दाखवते’ असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात वाट दाखवतो तो शेळ्या घेऊन निघालेला नऊ-दहा वर्षांचा पोरगा, एका टेकडीपर्यंत येऊन हाताने पुढची टेकडी दाखवणारा. या दोन विधानांत विरोध आहे असं मला वाटत नाही, पण चमत्कारांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी त्या पोराचंही नाव एकदा विचारावं.

माथासर, झरवाणी करत गुजरातेत गोरा गावात उतरलं की डांबरी रस्ता, दुकानं, पर्यटकांच्या बस. जुनं शूलपाणेश्वर मंदिर बुडालं, नवं गोऱ्याला आहे. दत्तसंप्रदायाच्या लोकांची इथे घालमेल होते. धरणाच्या खालच्या अंगाला पलीकडच्या काठावर गरुडेश्वर, टेंबे स्वामींची समाधी. कार्तिक पौर्णिमेला निघालेला माणूस दत्तजयंतीच्या आगेमागे इकडे असतो, आणि पूल समोर असूनही जायचं नाही. ते दर्शन उत्तर तटाने येताना, समुद्र ओलांडल्यानंतर.

राजपीपल्यानंतर सपाट केळीचा-उसाचा मुलूख, मग अंकलेश्वर, हांसोट. रस्त्यावर रसायनांचे टँकर; उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं आणि पहाटे पिशवीच्या मागे चमकणारी पट्टी लावावी.

विमलेश्वर-कठपोरच्या किनाऱ्यावरून होडी उत्तर तटावरच्या मीठी तलाईला जाते, आणि इथे सगळं भरतीच्या हातात असतं. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी समजली जाते. ओहोटीला किनाऱ्यापुढे मैलभर नुसता चिखल उघडा पडतो. होडी भरतीलाच सुटते, ती वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून कधी दुपारी, कधी मध्यरात्री. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर. अष्टमीच्या भांगाला इतकं कमी चढतं की होड्या बंद राहू शकतात. पंचांग बघूनच हांसोटहून निघावं, नाहीतर किनाऱ्यावर चार-पाच दिवस गर्दीत काढावे लागतात. कोकणातली मंडळी भरतीच्या वेळेसाठी तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब लावतात. तो इथे लागू पडत नाही, आखाताच्या आत भरती उशिरा पोचते.

नावनोंदणी आधारवर होते. होडीत बसायचे तीन-चार तास धरावेत, वाळूच्या पट्ट्यावर टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत. म्हणून आधी हलकं खाणं, पाणी घोट-घोट, आणि देहधर्म उरकून. बूट गळ्यात नाडीने अडकवावेत, चढताना-उतरताना चिखल गुडघ्यापर्यंत असतो. पिशवी प्लास्टिकच्या गोणीत, कान बांधलेले, लाइफ जाकीट घातलेलं आणि बंद लावलेले. नुसतं गळ्यात अडकवलेलं जाकीट काही कामाचं नाही. मध्यावर नावाडी सांगतो तेव्हा बाटलीतलं थोडं जल सागरात सोडून सागराचं त्यात घ्यायचं. त्यासाठी सगळे एकदम एका बाजूला झुकतात आणि होडी कलते, तेव्हा आपली पाळी येईपर्यंत बसून राहावं. बाटली भरून घ्यायला शेजाऱ्याकडे दिली तरी चालते.

मीठी तलाईला उतरल्यावर खारा चिखल गोड्या पाण्याने लगेच धुवावा, वाळला की कातडी फाटते. मोजे दोनदा खळबळावेत. मीठ राहिलेला मोजा कधीच पुरता सुकत नाही. मैया अजूनही उजव्या हातालाच, पण आता तोंड पूर्वेकडे असतं, म्हणून दहेजच्या रस्त्याला लागण्याआधी टोपी बदलावी. कानटोपी पिशवीत जाते आणि पुढे झडप असलेली बाहेर येते, नाहीतर नऊपर्यंत ऊन सरळ डोळ्यांत शिरतं.